विरल मृदा नायट्रेटे : द्रावणातील वर्तन आणि संदीप्ती

लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्ये, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम, अशा १७ विरल मृदा मूलद्रव्यांचे नायट्रिक अम्लापासून मिळणारे क्षार म्हणजे विरल मृदा नायट्रेटे. पाण्यात ती अतिशय विद्राव्य असतात. स्फटिकात धातूच्या प्रत्येक आयनामागे सहसा पाण्याचे सहा रेणू असतात. प्रयोगशाळेत त्यांना ‘सुरुवातीचा क्षार’ एवढाच मान मिळतो: ऑक्साइड अम्लात विरघळवायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. हा मान कमीच म्हणावा लागेल, कारण द्रावणात आयनाच्या लगत कोण बसले आहे हे प्रकाशावरून ओळखण्याची पद्धत समजून घ्यायला या क्षारांइतकी सोपी सुरुवात दुसरी नाही.

या मूलद्रव्यांच्या इतिहासातही नायट्रेटांचा वाटा मोठा आहे. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये ‘डिडिमियम’ हे मूलद्रव्य नसून प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम यांचे मिश्रण असल्याचे दाखवले, ते अमोनियम नायट्रेटाबरोबरच्या दुहेरी क्षाराचे पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करून. गॅसबत्तीचे मँटलही त्यांचेच. थोरियम नायट्रेटाच्या द्रावणात थोडे सेरियम नायट्रेट घालून त्यात सुती जाळी बुडवत. जाळी जळाली की सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड यांचा नाजूक सांगाडा उरे. वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावरून नेलेल्या गॅसबत्त्यांचा पांढरा झगझगीत उजेड या सांगाड्याचा होता. मोनाझाइट वाळूत विरल मृदांसोबत थोरियमही असते, आणि त्याचे नायट्रेट बनवणारा कारखाना १९५५ मध्ये ट्रॉम्बेला सुरू झाला. मँटलचा उजेड मात्र तापलेल्या ऑक्साइडचा असतो. त्याला संदीप्ती म्हणू नये; संदीप्ती म्हणजे न तापता, घेतलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत देणे.

नायट्रेट करायची रीत साधी आहे. ऑक्साइड आधी भट्टीत तापवून घेतात, कारण लँथॅनमचे ऑक्साइड हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषून वजनाला फसवते. मग कोमट नायट्रिक अम्लात ते विरघळवतात. सेरियम डायऑक्साइड दाद देत नाही. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडची मदत घ्यावी लागते. द्रावण आटवले की स्फटिक मिळतात, पण ते टिकवणे मुंबईत कठीण. जुलैच्या दमट हवेत बाटलीचे बूच सैल राहिले तर कोरडे खडे ओलसर होतात, एकमेकांना चिकटतात आणि शेवटी तळाशी पाक उरतो. म्हणून लेबलवरच्या सूत्रावर विसंबून वजन करू नये. द्रावण करून ईडीटीएने (धातूच्या आयनांना पकडून ठेवणाऱ्या अभिकर्मकाने) अनुमापन करावे: सामू ५ ते ६ च्या दरम्यान, झायलेनॉल ऑरेंज हा दर्शक, आणि जांभळट लाल रंग लिंबासारखा पिवळा झाला की अंत्यबिंदू. द्रावण किंचित आम्लच ठेवावे. सामू वाढला की हायड्रॉक्साइडचा साका बसतो.

निओडिमियमचे द्रावण फिकट जांभळे, प्रॅसिओडिमियमचे हिरवे, एर्बियमचे गुलाबी; लँथॅनम, गॅडोलिनियम, ल्युटेशियम बिनरंगी. हे रंग फिकेच, कारण ४एफ कक्षेतील इलेक्ट्रॉनांची संबंधित संक्रमणे नियमाने निषिद्ध असतात. बाहेरच्या ५एस आणि ५पी कक्षांचे कवच असल्यामुळे शोषणाच्या आणि उत्सर्जनाच्या रेषा अरुंद राहतात आणि द्रावक बदलला तरी फारशा सरकत नाहीत.

पाण्यात मालिकेच्या सुरुवातीच्या आयनांभोवती पाण्याचे नऊ रेणू असतात, शेवटच्या, आकाराने लहान आयनांभोवती आठ. मधल्या आयनांजवळ नववा रेणू म्हणजे लोकलमधली चौथी सीट: बसतो खरा, पण टेकल्यासारखा. नायट्रेटाची पकड पाण्यात ढिली असते. पातळ द्रावणात ते बहुतेक दूरच राहते. संहत द्रावणात किंवा ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात मात्र आपल्या दोन ऑक्सिजनांनी धातूला धरते.

हा फरक युरोपियम स्पष्ट दाखवते. ३९४ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित केले की त्याच्या तांबूस उत्सर्जनात दोन रेषा ठळक दिसतात. ५९२ नॅनोमीटरजवळची रेषा शेजाऱ्यांची फारशी पर्वा करत नाही. ६१५ जवळची भोवतालची सममिती ढळली की एकदम वाढते. नायट्रेट आत शिरले की दुसरीचे पहिलीशी असलेले गुणोत्तर चढते. उत्तेजनासाठी तरंगलांबी निवडताना जपावे, कारण नायट्रेट स्वतः ३०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते.

पाणी हा इथला खरा शत्रू. ओ-एच बंधाची कंपने युरोपियमची उत्तेजित ऊर्जा उष्णतेत घालवतात, म्हणून पाण्यात उत्सर्जनाचा आयुःकाल (उत्तेजन थांबल्यावर ते टिकण्याचा काळ) जेमतेम ०.११ मिलिसेकंद. जड पाण्यात ओ-डी बंधाची कंपने कमी ऊर्जेची असतात, ऊर्जा पळवायला अधिक पायऱ्या लागतात आणि आयुःकाल ३ ते ४ मिलिसेकंदांवर जातो. होरॉक्स आणि सडनिक या रसायनशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या दोन आयुःकालांवरून आयनाला चिकटलेले पाण्याचे रेणू मोजण्याचे सूत्र दिले. उत्तर अर्ध्या रेणूच्या फरकाने बरोबर येते. टर्बियमला (५४५ नॅनोमीटर, हिरवा) पाणी कमी छळते. निओडिमियम आणि एर्बियमच्या ऊर्जापातळ्यांतील अंतर लहान, म्हणून त्यांचे अवरक्त उत्सर्जन पाण्यात जवळजवळ विझते. गॅडोलिनियमचे अंतर इतके मोठे की त्याचे ३११ नॅनोमीटरचे जंबुपार उत्सर्जन पाण्यातही टिकते.

या मोजणीचा उपयोग मुंबईच्या परिचयाच्या कामात होतो. वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत युरेनियम आणि प्लुटोनियम ट्रायब्युटाइल फॉस्फेट या सेंद्रिय द्रवात काढून घेतले जातात. ट्रॉम्बेचा असा प्रकल्प १९६४ मध्ये सुरू झाला. विरल मृदा नायट्रिक अम्लातच मागे राहतात. त्या वेगळ्या काढण्यासाठी नवा निष्कर्षक (द्रावणातून धातू ओढून घेणारा पदार्थ) तपासताना युरोपियमचा आयुःकाल पाहिला की पाणी पूर्ण हटले की काही रेणू उरले, ते कळते.

तेज हवे असेल तर पाणी हटवून जागी प्रकाश शोषणारा रेणू बसवावा लागतो. त्याने गोळा केलेली ऊर्जा आयनाला मिळते, हे वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवले. टर्बियम नायट्रेटात डायपिकोलिनिक अम्ल घालून जंबुपार दिवा धरला की द्रावण हिरवे उजळते. हेच अम्ल जिवाणूंच्या बीजाणूंत असल्याने अँथ्रॅक्सचे बीजाणू ओळखायला ही जोडी वापरतात.

घन संदीपके (संदीप्ती देणाऱ्या पुडी) करतानाही नायट्रेट लागते. यिट्रियम आणि युरोपियमची नायट्रेटे युरियाबरोबर तापवली की मिश्रण फसफसते, पेट घेते आणि हलकी पांढरी पूड उरते. ट्यूबलाइटमधील लाल रंग देणारे, युरोपियम मिसळलेले यिट्रियम ऑक्साइड याही मार्गाने होते. नायट्रेट ऑक्सिडीकारक असल्याने हे काम धूरकपाटातच, थोड्या प्रमाणात करतात.