अमेरिकेत दुधाळ कळपासाठी सेंद्रिय प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि चाऱ्याचा हिशोब

न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या ली येथील सेंद्रिय गोठ्यात गाईंना समुद्री शेवाळाची भुकटी खाऊ घालून दुधातले आयोडीन किती वाढते, हे तपासले गेले. मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस केंद्रातही सेंद्रिय कळप आहे. अशा कळपांना लागू असलेले नियम शेतकऱ्याच्या गोठ्यालाही तसेच लागू होतात. त्यामुळे पशुआहाराच्या अभ्यासासाठी तिकडे जाणाऱ्यांनी आणि तिथे गोठा चालवणाऱ्यांनी ही प्रक्रिया नीट समजून घ्यावी.

पात्रता आधी जमिनीची पाहिली जाते. पिकाच्या कापणीआधीची ३ वर्षे तिथे बंदी असलेले खत वा औषध पडलेले नसावे. कळपाला सलग १२ महिने सेंद्रिय पद्धतीने सांभाळावे लागते, आणि हे रूपांतर एका उत्पादकाला एकदाच करता येते. त्यानंतर कळपात येणारे जनावर गर्भावस्थेच्या शेवटच्या तिसऱ्या टप्प्यापासून सेंद्रिय व्यवस्थापनाखाली असले पाहिजे. बाहेरून स्वस्त कालवडी आणून त्यांचे पुन्हा पुन्हा रूपांतर करण्याची वाट २०२२ च्या नियमाने बंद केली. ज्यांची सेंद्रिय विक्री वर्षाला ५,००० डॉलर किंवा त्याहून कमी आहे, त्यांना प्रमाणपत्राची सक्ती नाही.

अर्ज अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्यता दिलेल्या प्रमाणन संस्थेकडे करायचा. त्याचा गाभा म्हणजे सेंद्रिय व्यवस्थापन आराखडा, म्हणजे शेत व कळप कसे सांभाळणार याची लेखी योजना. सोबत शेतांचे नकाशे व पूर्वेतिहास, जनावरांची यादी, विकत घेतलेल्या चाऱ्याची बिले, विक्रेत्याचे सेंद्रिय प्रमाणपत्र, खनिज मिश्रणांची लेबले आणि उपचारांची नोंदवही तयार ठेवा. युरिया किंवा कत्तलखान्यातले अवशेष आहारात चालत नाहीत. पूर्वी कुठे अर्ज केला असेल आणि त्रुटी निघाल्या असतील, तर तेही सांगावे लागते. मग निरीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येतो, आणि पुढे दर वर्षी येत राहतो.

माझ्या मते खरी कसोटी चराईच्या हिशोबाची आहे. चराईचा हंगाम किमान १२० दिवसांचा हवा आणि त्या काळात आहारातल्या कोरड्या घटकांपैकी (म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागापैकी) सरासरी किमान ३० टक्के कुरणातून यायला हवेत. समजा, गाईची रोजची गरज २० किलो कोरड्या घटकांची आहे. गोठ्यात तिला २० किलो सायलेज, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, मिळते. त्यात ३५ टक्के कोरडा घटक धरला तर ते ७ किलो झाले. खुराकातून आणखी ६ किलो येतात. उरलेले ७ किलो कुरणातले, म्हणजे ३५ टक्के. मात्र सायलेज ३० किलोवर गेले की त्यातूनच साडेदहा किलो येतात आणि कुरणाचा वाटा साडेतीन किलोवर, म्हणजे १८ टक्क्यांच्याही खाली घसरतो. म्हणून ठरवलेला आहार, प्रत्यक्ष घातलेला आहार आणि केलेला बदल, हे तिन्ही जनावरांच्या गटानुसार त्या त्या दिवशी लिहा. महिन्याने आठवून भरलेली वही पाहणीच्या वेळी हमखास अडचणीत आणते. सगळ्या नोंदी ५ वर्षे जपायच्या असतात.

गाय आजारी पडली तर? अँटिबायोटिक दिल्यावर तिचे दूध पुन्हा कधीच सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. तरीही सेंद्रिय दर्जा टिकवण्यासाठी उपचार रोखणे हाच नियमभंग ठरतो. उपचार आधी करा, आणि औषध, तारीख व गाय कळपातून वेगळी केल्याची नोंद त्याच दिवशी वहीत घ्या.