‘४५ मिनिटांचा सेट’ खरोखर किती मिनिटे चालतो?
बीए सेट (ब्रीदिंग अ‍ॅपरेटस, म्हणजे धुरात किंवा विषारी वायूत श्वास घेण्यासाठी पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अग्निशमन केंद्र, कोल्ड स्टोरेज, जलशुद्धीकरण केंद्र, केमिकल कारखाना, कुठूनही चौकशी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेट किती मिनिटांचा? सिलिंडरमध्ये मिनिटे भरता येत नाहीत, हवा भरतात. ती किती वेळ पुरेल हे सेट पाठीवर घेणारा माणूस आणि त्याचे काम ठरवते. म्हणून थोडे गणित.

सध्या सर्वाधिक खपणारा कार्बन कॉम्पोझिट (वरून कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेला) सिलिंडर ६.८ लिटरचा आणि ३०० बारचा (बार हे दाबाचे माप). गुणाकार केला तर २०४० लिटर हवा. एवढ्या दाबाला हवा सरळ हिशेबाने दबत नाही, त्यामुळे हाती येते ती साधारण १८५० लिटर. माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असे धरले की उत्तर ४५ मिनिटांच्या आसपास येते. कॅटलॉगमधला आकडा हाच. पण हवा संपत आल्याचा इशारा देणारी सेटची शिटी ५५ बारच्या सुमारास वाजते आणि त्यानंतरची पावणेचारशे लिटर हवा कामासाठी नसते. ती वजा केली की उरतात ३६-३७ मिनिटे. आता भरलेला होज ओढत जिना चढणारा किंवा बेशुद्ध माणसाला फरफटत बाहेर आणणारा जवान मिनिटाला ८० लिटर सहज घेतो. त्याच्यासाठी तोच सेट १८ मिनिटांचा होतो, आणि शिटीनंतर त्याच्याकडे साडेचार मिनिटे असतात. शिटी वाजल्यावर निघायचे ही समजूत म्हणूनच चुकीची. शिटी वाजेल तेव्हा तुम्ही दाराबाहेर असायला हवे.

घड्याळाऐवजी गेजवर, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्यावर, काम करा. समजा आत जाताना गेज २९० होते आणि कामाच्या जागी पोचेपर्यंत २५० झाले. जायला ४० बार लागले. परतीसाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे ८० धरा. धूर वाढलेला असतो, अंग थकलेले असते, वाट चुकते. त्यात शिटीचे ६० मिळवा. गेज १४० ला आले की हातातले काम तिथेच सोडून फिरायचे. आत नेहमी जोडीनेच जा, आणि दोघांपैकी ज्याचे गेज आधी या आकड्यावर येईल त्याच्याबरोबर दोघांनीही निघा. बाहेर दारावर एक माणूस फळा घेऊन उभा हवा: कोण आत गेले, किती वाजता, किती बारवर. फळ्यावर लिहिणाऱ्याने दुसरे कुठलेही काम अंगावर घेऊ नये, पंप चालवण्याचेही नाही.

घालण्याआधीचा एक मिनिट

सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धवट उघडला तर उभ्याने श्वास घेताना काही जाणवत नाही, पण धाप लागली की हवा अपुरी पडते आणि ते नेमके आत गेल्यावर कळते. अनेक सेटमध्ये व्हॉल्व्ह उघडताना शिटी क्षणभर चिवचिवते, ते ठीक आहे. गेज वाचा: ३०० बारच्या सिलिंडरला २७० च्या खाली असेल तर तो सेट आत नेऊ नका. आता व्हॉल्व्ह बंद करून एक मिनिट काट्यावर नजर ठेवा. काटा १० बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. बहुतेक वेळा दोषी असते ती सिलिंडरच्या जोडावरची छोटी रबरी ओ-रिंग. ती चिरलेली असते, किंवा सिलिंडर बदलताना पडून गेलेली असते. अशा वेळी पाना लावून जोड आवळण्याचा मोह होतो. तसे केल्याने आटे खराब होतात, गळती तशीच राहते. जोड हातानेच आवळायचा असतो.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंदच ठेवून डिमांड व्हॉल्व्हच्या (श्वास ओढताच मास्कमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या) तोंडावर तळहात धरा आणि हवा हळूहळू सोडा. काटा ५० ते ६० च्या दरम्यान असताना शिटी वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर सेट बाजूला काढा, ‘आजच्यापुरता चालवू’ नको.

मास्क आणि दाढी

हनुवटी आधी बसवा, मग मास्क चेहऱ्यावर चढवा. पट्टे ओढताना आधी मानेजवळचे दोन, मग कानशिलाजवळचे, शेवटी डोक्यावरचा. दोन्ही बाजू एकदम आणि सरळ मागे ओढा. फार आवळले तर रबराची कड मुडपते आणि फट पडते. डिमांड व्हॉल्व्ह जोडण्याआधी मास्कच्या तोंडावर तळहात दाबून श्वास आत ओढा: मास्क चेहऱ्याला चिकटून १० सेकंद तसाच राहायला हवा. हवा सुरू झाल्यावर कडेखाली दोन बोटे सरकवा, हवा जोरात बाहेर आली पाहिजे आणि बोटे काढताच थांबली पाहिजे.

‘पॉझिटिव्ह प्रेशर आहे, मग दाढीने काय होते?’ हा प्रश्न हमखास येतो. पॉझिटिव्ह प्रेशर म्हणजे मास्कमधला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त असतो. तरीही दोन गोष्टी होतात. केसांतून हवा सतत बाहेर पळते आणि सिलिंडर लवकर रिकामा होतो. शिवाय घाबरून जोराचा श्वास ओढला की मास्कमधला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकतो, आणि त्या क्षणी धूर आत येतो. दोन दिवसांची खुंटेही याला पुरेशी आहेत. नेहमीच्या चष्म्याच्या काड्यांचेही तेच. मास्कच्या आत बसणारी चष्म्याची फ्रेम वेगळी मिळते.

सेट काय करत नाही

तो फुप्फुसे आणि डोळे वाचवतो, कातडी नाही. अमोनिया घामाने ओल्या अंगाला धरतो, काख आणि जांघ आधी भाजतात. मोठ्या गळतीत सेटवर गॅसबंद सूट लागतोच. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, खाली साचतो. त्यामुळे सेटचे कपाट क्लोरिन रूमच्या आत ठेवू नका. गळती झाली की ते कपाटच हाताबाहेर जाते. मॅनहोलमध्ये कॅनिस्टर मास्क घालून कोणालाही उतरवू नका: तो हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. हूडवाला १० किंवा १५ मिनिटांचा एस्केप सेट पळून बाहेर येण्यासाठी आहे, आत शिरण्यासाठी नाही.

धुणे आणि ठेवणे

कोमट पाणी, सौम्य साबण, भरपूर खळखळून धुणे, सावलीत वाळवणे. काचेवरचा डाग थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नका. ती पॉलिकार्बोनेटची असते, तिच्यावर बारीक जाळीदार तडे जातात. उच्छ्वासाच्या झडपेत साबण वाळून राहिला तर ती नीट मिटत नाही आणि हवा सूं-सूं करत वाहत राहते. नाकावरच्या आतल्या मास्कच्या दोन पातळ झडपाही पाहा: त्या चिकटल्या तर काच धुरकटते, आणि आपलाच उच्छ्वास पुन्हा आत जाऊन डोके दुखते. कोकणपट्टीत पावसाळ्यात ओला मास्क पिशवीत कोंबला तर आठवड्यात बुरशी धरते. व्हॉल्व्हला किंवा रबराला तेल, ग्रीस काहीही लावू नका.

सिलिंडर भरायला देताना

पूर्ण रिकामा करून आणू नका, थोडा दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्ह उघडा राहिला की दमट हवा आत जाते, आणि स्टीलचा सिलिंडर आतून गंजतो. भरताना सिलिंडर तापतो. ६० अंशांना ३०० दाखवणारा काटा ३० अंशांना सुमारे २७० वर येतो, म्हणून आम्ही सिलिंडर सावकाश भरतो आणि गार झाल्यावर पुन्हा वर नेतो. घाई केली तर हवा कमी मिळेल. हवेच्या तपासणीचा कागद मागून घ्या: कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५ भागांच्या) आत, कार्बन डायऑक्साइड ५०० पीपीएमच्या आत, तेल दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आत. वर्कशॉपच्या साध्या कॉम्प्रेसरवर किंवा ऑक्सिजनच्या बाटलीवरून सिलिंडर कधीही भरून घेऊ नका.

हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची मजबुती तपासण्याची) तारीख उलटलेला सिलिंडर आम्ही भरत नाही, कितीही तातडी असली तरी. आयुष्य संपलेल्या कॉम्पोझिट सिलिंडरचेही तेच. बहुतेकांवर १५ वर्षांची मुदत लेबलवर छापलेली असते. कॉम्पोझिटवर बोटाला धागे लागत असतील किंवा खोल ओरखडा दिसत असेल तर त्यावर रंग मारू नका, जागा खडूने खूण करून तसाच पाठवा. गाडीत आडवा ठेवून बांधा, व्हॉल्व्हवर टोपी चढवून.