अंधारात सायकलस्वार दिसतो कसा?

मुंबईतल्या सायकलींचा मोठा हिस्सा सूर्य नसतानाच रस्त्यावर असतो. बेकरीतून पावाची लादी घेऊन निघालेले पाववाले, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, इडलीचा डबा मागे बांधून फिरणारे अण्णा, आणि मध्यरात्री दक्षिण मुंबईत सायकलवर चहा विकणारे. हौशी सायकलस्वारांची वेळही तीच. गर्दी वाढायच्या आत पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्ग गाठायचा, तर घरातून पाचलाच निघावं लागतं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे पहिले दोन तास अंधारातच जातात. यातल्या हौशी मंडळींच्या अंगावर हल्ली भडक पोपटी-पिवळं जॅकेट दिसतं आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण या जॅकेटात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र शिवलेल्या असतात: भडक कापड आणि चंदेरी पट्टी. एक दिवसा काम करते, दुसरी रात्री. एकीचं काम दुसरी करू शकत नाही, आणि रात्री सायकल चालवणाऱ्याने हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे.

आधी कापड. साधा पिवळा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला पिवळा भाग परत पाठवतो आणि बाकीचा शोषून घेतो. शोषलेला भाग उष्णतेच्या रूपात वाया जातो. फ्लुरोसंट रंगाचे रेणू हा वाया जाणारा भागही कामाला लावतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि जांभळा-निळा उजेड ते शोषतात, त्यातली थोडी ऊर्जा गमावतात आणि उरलेली हिरवट-पिवळ्या उजेडाच्या रूपात बाहेर टाकतात. बाहेर पडणाऱ्या उजेडाची तरंगलांबी शोषलेल्या उजेडापेक्षा जास्त असते, हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दाखवून दिलं. म्हणून हे कापड, त्याच्यावर जेवढा पिवळा उजेड पडतो, त्याहून जास्त पिवळा उजेड परत देतं. साध्या रंगाला हे कधीच शक्य नाही. ते कापड ‘पेटल्यासारखं’ वाटतं, त्याचं कारण हेच.

पोपटी-पिवळाच का, याचं उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. भरपूर उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीच्या उजेडाला सर्वात जास्त प्रतिसाद देतो, आणि हा रंग नेमका हिरवट-पिवळा असतो. असे झगझगीत रंग कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे बॉब आणि जो स्विट्झर या भावांनी १९३० च्या दशकात तयार केले. दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणा करण्यासाठी अशा रंगांचे कापडी पट्टे जमिनीवर अंथरले जात.

ढगाळ हवेत किंवा संधिप्रकाशात या कापडाचा भडकपणा अधिकच जाणवतो, कारण आभाळातून विखरून येणाऱ्या उजेडात निळ्या-जांभळ्या भागाचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर, जेव्हा आभाळ, रस्ता आणि इमारती सगळ्यांचा एकच राखाडी रंग होतो, तेव्हा हे जॅकेट दिवसाही घालावं असं मी आवर्जून सांगेन. आरेच्या हिरव्यागार रस्त्यावर मात्र पोपटीपेक्षा भडक केशरी रंग जास्त उठून दिसतो, कारण शेवटी नजरेत भरतो तो पार्श्वभूमीपेक्षा वेगळा असलेला रंग.

सूर्य मावळला की या कापडाचा कच्चा मालच संपतो. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांत अतिनील आणि निळा उजेड जवळपास नसायचाच. आताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा भाग असतो, पण दिवसाच्या आभाळाशी तुलना केली तर तो नगण्य आहे. गाड्यांच्या हेडलाइटचंही तसंच. मग ते महागडं जॅकेट उरतं फक्त एक फिकट रंगाचं कापड. लाल रंगाची तर आणखी वाईट अवस्था होते. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात, दंडपेशी पुढे येतात, आणि संवेदनशीलतेचं शिखर ५५५ वरून ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर-हिरव्याकडे सरकतं. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या हे १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. दिवसा उठून दिसणारा लाल टी-शर्ट तिन्हीसांजेला काळा वाटू लागतो, तो यामुळे.

रात्रीचं काम चंदेरी पट्टीचं. साध्या आरशावर गाडीचा उजेड तिरका पडला तर तो दुसरीकडेच निघून जातो. साधं कापड तो सगळीकडे विखरतं, त्यामुळे ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातला किंचितसा भाग येतो. ही पट्टी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. कॅरम खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल: कोपऱ्याजवळ मारलेला स्ट्रायकर एका कडेला लागून दुसऱ्या कडेला लागला, की आलेल्या दिशेला समांतर परत येतो, मग तो कोणत्याही कोनातून मारलेला असो. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये असे शेकडो छोटे कोपरे असतात, फक्त तिथे दोनऐवजी तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात असतात. हीच रचना १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवली आणि पृथ्वीवरून सोडलेले लेझर तिच्यावरून परत आले. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाचा एक लहानसा परावर्तक आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्याच्यावरून लेझरचा परतीचा ठिपका टिपला. पावाची लादी वाहणाऱ्या सायकलवरच्या लाल रिफ्लेक्टरचं तत्त्व चंद्रावरच्या त्या उपकरणाचंच आहे, हे मला फार आवडतं.

जॅकेटवरच्या पट्टीत बहुतेक वेळा अशा कोपऱ्यांऐवजी, म्हणजे प्रिझमऐवजी, काचेचे मणी असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान. प्रत्येक मण्याची मागची बाजू धातूच्या चकचकीत थरात बसवलेली असते. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत शिरताना उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा, १.९ च्या आसपास ठेवला, की मण्यात शिरलेला किरण बरोबर मागच्या भिंतीवर एकवटतो, तिथून परततो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. यात दोन अडचणी आहेत आणि दोन्ही मुंबईच्या रस्त्यावर भेटतात.

पहिली अडचण पावसाची. मण्याभोवती हवेऐवजी पाण्याचा थर आला, की काच आणि बाहेरचं माध्यम यांच्या अपवर्तनांकांचं गुणोत्तर १.९ वरून १.४ च्या आसपास येतं. किरण मग मागच्या भिंतीवर एकवटत नाही आणि पट्टीची चमक खूप कमी होते. प्लास्टिकच्या आवरणाखाली बंद केलेल्या प्रिझमच्या पट्टीला हा त्रास फारसा होत नाही. पावसाळ्यासाठी वेगळं जॅकेट घ्यायचं असेल तर मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली प्रिझमची पट्टी बघून घ्यावी.

दुसरी अडचण भूमितीची. उजेड परत जातो तो दिव्याकडे. ड्रायव्हरचे डोळे मात्र दिव्याच्या वर असतात. परतणाऱ्या उजेडाचा शंकू अगदी अरुंद असतो, त्यामुळे डोळा दिव्यापासून जितका दूर तितकं कमी दिसतं. हाय-व्हिजिबिलिटी कपड्यांच्या युरोपीय मानकात पट्टीची किमान चमक ठरवून दिली आहे: पट्टीपासून दिव्याकडे आणि डोळ्याकडे जाणाऱ्या रेषांमध्ये ०.२ अंशाचा कोन असेल तर ३३० एकक, तर दीड अंशाला फक्त १०. म्हणजे तेहतीस पट घट. आता हिशोब करून बघा. कारच्या ड्रायव्हरचे डोळे दिव्यापेक्षा साधारण ६० सेंटिमीटर वर धरले, तर पावणेदोनशे मीटरवरून हा कोन ०.२ अंश भरतो. बसच्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरचे डोळे दीड मीटर वर धरले, तर ५७ मीटरवरच कोन दीड अंश होतो. जवळ आल्यावर हेडलाइटचा उजेड वाढतो, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण कारवाल्याला जी पट्टी लखलखीत दिसते ती त्याच अंतरावरून डंपरवाल्याला मिणमिणती दिसते. म्हणून मोठ्या गाड्यांच्या रस्त्यावर, सायन-पनवेल किंवा घोडबंदरसारख्या, पट्टीवर विसंबून चालत नाही. स्वतःचा उजेड असलेला मागचा लाल दिवा लागतोच. दिवा कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर अवलंबून नसतो. तो दिवसाही उपयोगी पडतो: डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात ३,८४५ सायकलस्वारांवर झालेल्या प्रयोगात दिवसरात्र पेटता दिवा लावणाऱ्यांचे जखमी होण्याचे अपघात १९ टक्क्यांनी कमी होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. ‘दिसणं’ आणि ‘ओळखू येणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रीच्या मुंबईत चमकणाऱ्या वस्तूंची कमतरता नाही: दुभाजकावरचे रिफ्लेक्टर, मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड, रिक्षांच्या मागचे स्टिकर, दुकानांच्या पाट्या. त्या गर्दीत छातीवरची एक चमकती आडवी पट्टी ड्रायव्हरला दिसते, पण ती माणूस आहे की बॅरिकेड, हे ठरवायला त्याच्या मेंदूला वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. ओळखायला एक सेकंद उशीर झाला, तर ते १७ मीटर गेलेच.

मेंदूला माणूस झटकन ओळखायला लावणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सांध्यांची हालचाल. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन यांनी १९७३ मध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. माणसाच्या खांदे, कोपर, मनगटं, कंबर, गुडघे आणि घोट्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले आणि बाकी सगळा अंधार ठेवून चित्रण केलं. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना ते नुसते विखुरलेले ठिपके वाटले. त्याने पाऊल टाकताच, क्षणार्धात, हा माणूस चालतोय हे सगळ्यांना कळलं. ठिपक्यांच्या हालचालीतून जिवंत शरीर ओळखण्याची ही क्षमता आपल्या मेंदूत पक्की बसलेली आहे.

ऑस्ट्रेलियातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट सायकलस्वारांवर तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ड्रायव्हरांनी रात्री बंद रस्त्यावर गाडी चालवली आणि वाटेत पायडल मारणारे सायकलस्वार ओळखायचे होते. काळे कपडे घातलेले २ टक्के वेळा ओळखले गेले. नुसतं फ्लुरोसंट जॅकेट असलेले १५ टक्के. चमकत्या पट्टीचं जॅकेट असलेले ५० टक्के. आणि त्याच जॅकेटसोबत घोट्यांवर आणि गुडघ्यांवर पट्ट्या बांधलेले तब्बल ९० टक्के वेळा ओळखले गेले. पायडल मारताना घोटे वरखाली फिरतात आणि ती लय बॅरिकेडची किंवा पाटीची असूच शकत नाही. याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात असंही दिसलं की सायकलस्वारांना आपण प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा जास्त दिसतो असं वाटतं, आणि पायावरच्या पट्ट्यांचा फायदा ते कमी लेखतात.

दिवसाच्या कपड्यांबद्दलही भक्कम पुरावा आहे. डेन्मार्कमध्येच ६,७९३ सायकलस्वार एका प्रयोगात सहभागी झाले होते आणि त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पिवळी जॅकेटं दिली गेली. त्यांचे इतर वाहनांशी किंवा पादचाऱ्यांशी झालेले, जखमी करणारे अपघात ४७ टक्क्यांनी कमी नोंदले गेले. जॅकेट मिळालेल्यांनी अपघात कमी कळवले असतील ही शक्यता धरून हिशोब केला, तरी घट ३८ टक्के उरली.

तरीही जॅकेट घातलं की गाड्या अंतर राखून जातील, अशी आशा धरू नये. तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात असलेल्या इयन वॉकर यांच्या गटाने सात वेगवेगळे पेहराव करून ओव्हरटेक करणाऱ्या गाड्यांचं अंतर मोजलं. पोलिसांचा आणि चित्रीकरणाचा उल्लेख असलेलं जॅकेट सोडलं, तर कोणत्याही कपड्याने फरक पडला नाही, आणि काहीही घातलं तरी १ ते २ टक्के ड्रायव्हर अर्ध्या मीटरपेक्षाही जवळून गेलेच. अशा ड्रायव्हरांना सायकलस्वार दिसलेला असतो. त्यांच्या वागण्याची जबाबदारी सायकलस्वाराच्या कपड्यांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ती वेगमर्यादेची, रस्त्याच्या रचनेची आणि पोलिसांच्या कारवाईची बाब आहे.

हाताशी असलेला उपाय मात्र स्वस्त आहे. पाववाल्याला किंवा दूधवाल्याला उकाड्यात जॅकेट घालून राबायला सांगणं व्यवहार्य नाही. घोट्याभोवती वेल्क्रोची चमकती पट्टी बांधणं, पँटचा पायचा गुंडाळायच्या जागी ती लावणं, पायडलचे रिफ्लेक्टर तुटले असतील तर बदलणं आणि क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, दोन इंच पट्टी चिकटवणं, एवढं कोणालाही जमेल. दुकानात ‘रेडियम’ म्हणून मिळणारं सगळंच उजेड परत पाठवत नाही. बरंचसं नुसतं रंगीत प्लास्टिक असतं. घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाजवळ धरून पाच-सहा पावलांवरून बघा. खरी पट्टी लखलखेल. मग टॉर्च हात लांब करून बाजूला न्या, चमक लगेच मावळेल. हीच चाचणी दर पावसाळ्याआधी जुन्या जॅकेटवरही करा, कारण धुण्याने मणी झडतात आणि उन्हाने फ्लुरोसंट रंग मरतो. कापड साध्या लिंबू रंगावर आलं असेल तर ते दिवसाही फारसं कामाचं उरलेलं नाही. तपासणी अंधारात करायची आणि पट्टी पाण्याने ओली करूनही एकदा बघायची.