अनिश्चित मागणीचे वाहनमार्ग-नियोजन

गिऱ्हाइकाला किती माल लागेल हे गाडी दारात पोचल्यावरच कळणार असते, तेव्हा कोणती गाडी कोणत्या क्रमाने न्यावी हे आधी ठरवण्याची गणिती पद्धत.

उगमाबद्दल एकमत नाही. जॉर्ज डँट्झिग व जॉन रॅमसर यांचा १९५९ चा निबंध मूळ मानतात. पण पेट्रोलपंपांना इंधन पोचवणाऱ्या ट्रकांच्या त्या प्रश्नात मागणी आधीच ठाऊक आहे. डँट्झिग यांनी अनिश्चिततेतील रेषीय नियोजन (रेषीय अटी पाळून सर्वांत स्वस्त पर्याय काढण्याची गणिती पद्धत) १९५५ मध्येच मांडले होते, म्हणून काहीजण धागा तिथवर नेतात. ते ओढाताणीचे वाटते, कारण तिथे मार्गच नाहीत. फ्रँक टिलमन यांचा अनेक डेपो व संभाव्य मागणीवरचा १९६९ चा निबंध हा बहुधा पहिला स्पष्ट टप्पा धरावा.

पुढे दोन वाटा झाल्या. एकीत माल कमी पडण्याची शक्यता ठरावीक मर्यादेत ठेवतात (स्ट्यूअर्ट व गोल्डन, १९८३). दुसरीत गाडी परत भरून आणण्याचा सरासरी खर्चही हिशेबात धरतात (बर्ट्सिमस, १९९२). तूट पडल्यावर काय करायचे हे दुसरीतच कळते, म्हणून ती अधिक ग्राह्य.

या प्रश्नात फेरीची दिशाही महत्त्वाची ठरते. वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या गोदामातून श्रीखंडाचा टेम्पो मांजलपूर, दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी असा जाऊन परतला काय किंवा उलटा फिरला काय, किलोमीटर तेवढेच. पण माल संपतो तो बहुधा शेवटी. शेवटचे दुकान मांडवीचे असेल, तर गोदामापर्यंतचा हेलपाटा लांबचा. मांजलपूरचे असेल, तर जवळचा. म्हणून उलटी फेरी स्वस्त पडते. मधेच, माल संपण्याआधी गोदामात वळावे का, यासाठी प्रत्येक दुकानाला शिल्लक क्रेटांचा एक उंबरठा काढता येतो; शिल्लक त्याखाली गेली, की वळायचे.

बहुतेक मांडण्या दुकानांच्या मागण्या परस्परांपासून स्वतंत्र धरतात. नऊ दुकाने, प्रत्येकी सरासरी ४ क्रेट, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) १, टेम्पोत जागा ४० क्रेटांची, असे समजू. प्रसामान्य वितरण (सरासरीभोवती दोन्ही बाजूंना सारखे, घंटेच्या आकाराचे) धरल्यास माल शंभरात सुमारे ९ फेऱ्यांत कमी पडतो. दसऱ्याला मात्र दांडिया बाजारातल्या मराठी घरांत श्रीखंड एकाच दिवशी लागते आणि सगळ्या दुकानांची मागणी एकदमच वरखाली होते. तशी ती पूर्णपणे जोडलेली धरली, तर सरासरी ३६ क्रेटच राहूनही शंभरात सुमारे ३३ फेऱ्या तोकड्या पडतात.