भाकरी कुठून चावायची?

हात पाठीमागे बांधा, समोर ताटाएवढी ज्वारीची भाकरी उभी धरायला सांगा आणि खाऊन बघा. काठाला तोंड लावलं तर घास निघतो. मधल्या सपाट भागाला लावलं, तर दात नुसते घसरत राहतात. भाकरी तीच, भूकही तीच.

आपल्या शरीरात परक्या गोष्टी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचंही असंच होतं. ज्युली चॅम्पियन आणि समीर मित्रगोत्री यांनी 2006 साली अमेरिकेत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे वेगवेगळ्या आकारांचे कण या पेशींपुढे ठेवले. लंबगोल कणाच्या टोकाला चिकटलेल्या पेशीनं तो काही मिनिटांत गिळला. तसल्याच कणाच्या सपाट अंगाला चिकटलेली पेशी नुसती पसरत गेली. 12 तास उलटले तरी तो आत गेला नाही. मित्रगोत्री मुंबईच्या आयसीटीचे, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे, माजी विद्यार्थी. त्या संस्थेचा मराठवाडा कॅम्पस आता जालन्यात आहे, म्हणून हा प्रयोग मला जरा घरचा वाटतो.

ते कण मात्र मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापातले होते. पेशीत औषध पोचवायला घडवलेला नॅनोकण त्याहून कितीतरी बारीक, आणि त्याला गिळायला जबडा लागत नाही. पेशीचं पातळ आवरण खळगा करून त्याला आत ओढतं. कण फारच बारीक असेल तर आवरण नीट वाकत नाही, मोठा असेल तर गुंडाळायला आवरण पुरत नाही. अनेक प्रयोगांत 50 नॅनोमीटरच्या आसपासचे कण जास्त आत गेले, ते यामुळेच.

विद्युतभाराचंही तसंच. पेशीचं आवरण ऋण, म्हणून धन कण पटकन चिकटतो. पण भार जास्त झाला तर आवरणच फाटू शकतं. शिवाय रक्तात पडल्या पडल्या कणावर प्रथिनांचा थर बसतो. मोंढ्यातून घरी आलेल्या माणसाच्या अंगावर धूळ असते ना, तसा. पेशीला दिसतो तो हा थर. प्रयोगशाळेत घडवलेला मूळ कण तिला दिसतच नाही. तो थर कमी बसावा म्हणून कणावर पीईजी नावाच्या पॉलिमरचे लवलवते धागे लावतात. मग मॅक्रोफेज त्याला उशिरा ओळखतात. गंमत अशी, की ज्या पेशीत औषध पोचवायचं, तीही त्याला सहज आत घेत नाही!

आत गेल्यावर पीएलजीए या पॉलिमरचा कण पाण्यानं हळूहळू तुटतो आणि औषध सुटतं. मागे उरतं ते ग्लायकोलिक आम्ल आणि लॅक्टिक आम्ल. यातलं दुसरं भाकरीशेजारच्या दह्यातही असतं.