स्पोर्ट्स एजंट व्हायला वकिलीची पदवी लागतेच का?

‘वकिलीची पदवी नसेल तर स्पोर्ट्स एजंट होता येत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण खेळाडूच्या वतीनं बोलणी करण्याच्या या कामात करार सतत हाताळावे लागतात. पण परवाना कुणाला द्यायचा, हे त्या त्या खेळाचे नियम ठरवतात. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा असते, पदवीची अट नाही. अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये सहसा पदव्युत्तर पदवी मागतात, पण तीही कायद्याचीच हवी असं नाही.

खात्री करायची तर नियामक संस्थेच्या किंवा खेळाडू संघटनेच्या संकेतस्थळावर एजंटांची नियमावली उघडा आणि पात्रतेचं कलम वाचा. करार वाचायला मात्र शिकावंच लागेल: मुदत किती, कमिशन कोणत्या रकमेवर, करार मधेच मोडला तर काय.