गॅमा किरणांची क्षणिक चमक: ताऱ्यांची टक्कर की कृष्णविवराचा शेवट?

दोन सेकंदांहून कमी टिकणारा गॅमा किरणांचा स्फोट नोंदला गेला की कुणीतरी हमखास विचारतं, हे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग म्हणाले होते ते फुटणारं कृष्णविवर तर नव्हे? प्रश्न वेडगळ नाही, पण साम्य फारतर घड्याळापुरतं आहे.

नेहमीच्या लघुस्फोटांचा उगम १७ ऑगस्ट २०१७ रोजी हाती लागला. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांत विलीन झाल्याच्या गुरुत्वीय लहरी त्या टिपणाऱ्या लायगो-व्हर्गो वेधशाळांना मिळाल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले. ठिकाण होतं एनजीसी ४९९३ ही दीर्घिका, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. पुढे कित्येक दिवस दुर्बिणी तिथला मावळता प्रकाश टिपत होत्या.

दुसरा स्फोट, म्हणजे कृष्णविवराचा, अजून कागदावरच आहे. हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलं, की कृष्णविवरातून उष्णता बाहेर पडते आणि वस्तुमान जितकं कमी तितकं तापमान जास्त. म्हणजे ते आटतं तसं तापतं, आणि तापतं म्हणून आणखी झपाट्याने आटतं. सूर्याइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर इतकं थंड असतं, की त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आज शेवटाला आलेलं असेल ते विश्वाच्या आरंभी घडलेलं आदिम कृष्णविवर: तेव्हाचं वस्तुमान सुमारे ५० कोटी टन, आकार जेमतेम प्रोटॉनएवढा. हॉकिंग यांच्या हिशेबात त्याच्या शेवटच्या दशांश सेकंदात एक मेगाटनाच्या दहा लाख हायड्रोजन बॉम्बइतकी ऊर्जा सुटते. ऐकायला भयंकर, पण खगोलशास्त्रात ही चिल्लर. त्यामुळे असा स्फोट आपल्याला दिसायचा तर साधारण एका पार्सेकच्या, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आतच घडायला हवा. खरा फरक इथे आहे: एक घटना परक्या दीर्घिकेतली, दुसरी सूर्याच्या शेजारची.

ओळख पटवायची कशी? नेहमीच्या स्फोटात किरणांची ऊर्जा सहसा वेळेबरोबर उतरत जाते. कृष्णविवराच्या बाबतीत ती शेवटपर्यंत चढत टेराइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) पुढे जायला हवी. मागे रेंगाळणारा प्रकाश नाही, यजमान दीर्घिकाही नाही. मात्र हा पुरावा एकाच बाजूने चालतो. मागाहून प्रकाश दिसला तर कृष्णविवर बाद. पण दिसला नाही म्हणून ते सिद्ध होत नाही, कारण टकरीनंतरचा प्रकाशही कधी इतका मंद असतो की दुर्बिणींना सापडत नाही.

म्हणून शोध अतिउच्च ऊर्जेच्या किरणांत चालतो. मेक्सिकोत ४,१०० मीटर उंचीवर पाण्याच्या ३०० टाक्यांनी बनलेल्या हॉक वेधशाळेला ९५९ दिवसांच्या नोंदींत असा एकही स्फोट आढळला नाही. त्यावरून मर्यादा निघाली: दर घन पार्सेकमध्ये वर्षाला फारतर ३,४०० स्फोट. हा आकडा अनेकदा चुकीचा वाचला जातो. इतके स्फोट होतात असं नव्हे. याहून जास्त होत असते तर हॉकला दिसले असते, एवढंच. चीनच्या ल्हासो वेधशाळेने पुढे ही मर्यादा दोनशेच्या आत आणली.